ट्रेडिंग जर्नल ॲपला स्पॅनिश भाषेची जोड: आधी आकडा, मग शब्द

नांदेड, लातूर किंवा परभणीच्या मोंढ्यात ज्याने आडतीच्या दुकानातली रोजकीर्द उघडी पाहिली आहे, त्याला ट्रेडिंग जर्नल म्हणजे काय हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. कोणता माल, किती, कोणत्या भावाने घेतला, केव्हा विकला आणि हमाली, तोलाई, आडत वजा जाता हाती काय राहिले, हीच नोंद शेअर, फ्युचर्स किंवा परकीय चलनाच्या व्यवहारांसाठी ठेवणारे ॲप म्हणजे ट्रेडिंग जर्नल. त्यात एक रकाना जास्तीचा असतो: सौदा करताना मनात भीती होती, लोभ होता, की ठरवलेला नियम पाळला गेला होता. हळदीचा वायदा करणारा वसमतचा व्यापारी आणि फावल्या वेळात शेअर घेणारा मेक्सिकोतला नोकरदार, या दोघांनाही महिनाअखेरीस एकच प्रश्न पडतो की आपण नेमके कुठे चुकतो. त्या प्रश्नाचे उत्तर अशा वहीत असते, पण वही वाचणाऱ्याच्या भाषेत असली तरच ते त्याच्या हाती लागते.

स्पॅनिश ही २० सार्वभौम देशांची राजभाषा असून ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ५० कोटी आहे. मुक्तस्रोत जर्नल ॲपला इंग्रजीनंतर दुसरी भाषा जोडायची ठरते तेव्हा स्पॅनिशचे नाव यामुळेच बहुधा सर्वात आधी निघते, आणि हे काम अनेकदा नव्या मुलामुलींकडे येते, कारण ते सोपे वाटते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या, किंवा घरी बसून जावास्क्रिप्ट शिकलेल्या आणि पहिल्यांदाच एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पात हात घालणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून रिॲक्टमध्ये लिहिलेले आणि भाषांतरासाठी आय-एटीन-नेक्स्ट ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, वापरणारे वेब ॲप मी धरले आहे. स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलीत ते अर्थातच रोमन लिपीत जातील.

मी पहिल्यांदा हे काम हाती घेतले तेव्हा चार संध्याकाळी बसून सगळ्या वाक्यांचे भाषांतर केले आणि काम संपले असे मानले. चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीत एकाने प्रवेशाची किंमत म्हणून १.२५० असे लिहिले. त्याला बाराशे पन्नास म्हणायचे होते. ॲपने सव्वा अशी नोंद केली. पडदा संपूर्ण स्पॅनिशमध्ये होता, एकही शब्द चुकला नव्हता, आणि वही मात्र खोटी झाली होती. म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे.

पायरी १: कोणत्या देशाची स्पॅनिश, ते ठरवा

लातूरची मराठी आणि पुण्याची मराठी यांत जितका फरक आहे, त्याहून स्पेन आणि अर्जेंटिना यांच्या स्पॅनिशमधला फरक जास्त आहे, आणि तो शब्दांपेक्षा आकड्यांत अधिक त्रास देतो. स्पेन, अर्जेंटिना, चिली आणि कोलंबिया या देशांत अपूर्णांकासाठी स्वल्पविराम आणि हजारांच्या गटासाठी टिंब वापरतात. मेक्सिको, पेरू आणि मध्य अमेरिकेतील बहुतेक देशांत नेमके उलटे, म्हणजे आपल्यासारखेच टिंब दशांशाला आणि स्वल्पविराम गटाला लावतात. त्यामुळे ‘स्पॅनिश’ असा एकच पर्याय ठेवून त्याला एकच आकडेपद्धत चिकटवली, की निम्म्या वाचकांची वही बिघडते.

भाषेचा सांकेतिक खुणाक्रम दोन भागांचा असतो: ‘ई-एस’ हा भाग भाषा सांगतो आणि त्यापुढचा भाग प्रदेश सांगतो, जसे स्पेनसाठी ‘ई-एस’, मेक्सिकोसाठी ‘एम-एक्स’, अर्जेंटिनासाठी ‘ए-आर’. संपूर्ण लॅटिन अमेरिकेसाठी ४१९ हा संयुक्त राष्ट्रांच्या प्रदेशसूचीतला अंक वापरतात. माझा सल्ला असा आहे की शब्दांची फाइल सुरुवातीला एकच ठेवावी आणि ती जमेल तितक्या सर्वसामान्य स्पॅनिशमध्ये लिहावी, पण आकडे आणि तारखा मात्र ब्राउझरने दिलेल्या पूर्ण खुणेनुसार, प्रदेशासकट, दाखवाव्यात. ब्युनोस आयर्समधल्या माणसाला आणि मेक्सिको शहरातल्या माणसाला मग एकच शब्द दिसतील, पण आकडे ज्याचे त्याच्या सवयीचे असतील. पुढे कोणी अनुभवी माणूस एखाद्या देशासाठी वेगळी शब्दफाइल देऊ लागला तर ती वाट मोकळीच राहते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. भाषा, आकडेपद्धत, हिशेबाचे चलन आणि वेळेचा पट्टा या चार वेगळ्या निवडी आहेत. स्पॅनिश निवडणारा माणूस अमेरिकी डॉलरमध्ये व्यवहार करत असू शकतो. भाषा बदलली म्हणून चलन आपोआप युरो झाले, तर खात्यातल्या पैशाचा अर्थच बदलतो.

पायरी २: आकडा साठवणे आणि आकडा दाखवणे वेगळे करा

आपल्याकडे लिहिलेल्या ॲपमध्ये सर्वात आधी शोधायची गोष्ट म्हणजे लाख-कोटींचे स्वल्पविराम देण्यासाठी कोणीतरी हाताने लिहिलेला तुकडा. एक लाख पंचवीस हजार ही रक्कम १,२५,००० अशी दाखवण्यासाठी तो लिहिलेला असतो आणि ॲपमध्ये दहा ठिकाणी चिकटवलेला असतो. तो सगळीकडून काढावा आणि त्याच्या जागी जावास्क्रिप्टमधल्या ‘इंटल’ या अंगभूत सोयीतील नंबर-फॉरमॅट वापरावे. त्याला भाषेची खूण दिली की भारतासाठी १,२५,०००, स्पेनसाठी १२५.००० आणि मेक्सिकोसाठी १२५,००० असे उत्तर ते स्वतःच देते. या एका बदलाने मराठी आणि हिंदी आवृत्तीचेही भले होते, त्यामुळे तो स्पॅनिशच्या कामाआधी, स्वतंत्रपणे पाठवावा.

चार अंकी रकमेच्या बाबतीत सावध राहावे. स्पेनच्या पद्धतीत हे साधन १२३४,५० असे गटाविना दाखवते आणि पाच अंकांपासून पुढे १२.३४५,६७ असे टिंब घालते. ही चूक नाही, तिथली लेखनरीतच तशी आहे. परंतु नफा-तोट्याच्या उभ्या रकान्यात एका ओळीत टिंब आणि दुसऱ्या ओळीत नाही हे डोळ्याला खटकते. रकान्यांपुरते ‘गट नेहमी पाडा’ असा पर्याय चालू करावा आणि वाक्यात येणाऱ्या आकड्यांना मूळ रीतच राहू द्यावी. स्पेनमध्ये युरोचे चिन्ह रकमेनंतर येते आणि मधली मोकळी जागा न तुटणारी असते. ती जागा साध्या जागेसारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे अक्षर आहे, आणि त्यामुळे ‘दोन्ही सारखेच तर दिसतात’ असे म्हणत तासभर चाचणीशी झगडण्याची वेळ नवख्या माणसावर येते.

मोठ्या रकमा आखूड करून दाखवताना तर फारच जपावे लागते. इंग्रजीतला बिलियन म्हणजे १०० कोटी, पण स्पॅनिशमधला ‘बियोन’ म्हणजे एक लाख कोटी. १०० कोटींना स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’, म्हणजे हजार दशलक्ष, असे म्हणतात. कंपनीचे बाजारमूल्य दाखवणाऱ्या खिडकीत बिलियनच्या जागी सरळ ‘बियोन’ घातला, तर आकडा हजारपट फुगतो. लाख आणि कोटी यांचे इंग्रजीकरण करताना होणारे घोटाळे आपण घरीच पाहिलेले असल्यामुळे ही गोष्ट मराठी माणसाला लवकर कळते.

आता उलटी दिशा, म्हणजे वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर आकडा म्हणून वाचणे. दाखवण्याची चूक डोळ्याला दिसते आणि दुरुस्त होते. वाचण्याची चूक साठवली जाते. जावास्क्रिप्टचे पार्स-फ्लोट हे साधन टिंबालाच दशांशचिन्ह मानते आणि न समजणारे अक्षर आले की तिथेच थांबते. म्हणून ‘१.२५०,७५’ या मजकुराचे ते १.२५ करते आणि ‘०,८५’ चे शून्य करते, आणि दोन्ही वेळा कोणतीही तक्रार करत नाही. स्पॅनिशसाठी वाचनाचे वेगळे साधन लिहावे, जे आधी त्या प्रदेशाचे गटचिन्ह काढून टाकेल, मग दशांशचिन्हाच्या जागी टिंब ठेवेल आणि उरलेला मजकूर निखळ आकडा नसेल तर नोंद नाकारेल. रकान्याखाली लगेच ‘तुम्ही लिहिलेली किंमत’ अशी पूर्ण रक्कम पुन्हा दाखवली, तर चूक साठवण्याआधीच पकडली जाते. साठवणीत मात्र आकडा एकाच ठरलेल्या रूपात जावा. तिथे स्वल्पविरामाला जागा नसावी.

पायरी ३: सीएसव्ही फाइलींची आयात आणि निर्यात

ट्रेडिंग जर्नलमध्ये हाताने नोंद करणारे थोडे असतात. बहुतेक जण दलालाकडून आलेली सीएसव्ही फाइल, म्हणजे रकाने एखाद्या चिन्हाने वेगळे केलेला साधा मजकूर, चढवतात. स्वल्पविराम जिथे दशांशासाठी खर्च झाला आहे, तिथे रकाने वेगळे करायला तो कसा वापरणार? म्हणून स्पेनसारख्या देशांच्या मांडणीतले एक्सेल रकान्यांमध्ये अर्धविराम घालते. आपले ॲप स्वल्पविरामावरच फाइल तोडत असेल, तर १२३४,५० या एका रकमेचे दोन रकाने होतात आणि त्यापुढची सगळी ओळ एका घराने सरकते.

फाइल वाचताना पहिल्या ओळीवरून रकान्यांचे चिन्ह ओळखावे. मग आकड्यांकडे वळावे. एकाच आकड्यात टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही असतील, तर उजवीकडचे शेवटचे चिन्ह दशांशाचे समजावे. एकच चिन्ह दोनदा आले असेल तर ते गटाचे. खरा पेच एकच: एकच चिन्ह, आणि त्यानंतर नेमके तीन अंक. १.२५० हा मजकूर सव्वा आहे की बाराशे पन्नास, हे त्या आकड्याकडे कितीही पाहिले तरी कळत नाही. अशा वेळी रकान्यातले इतर आकडे पाहावेत, आणि तरीही उलगडा झाला नाही तर पहिल्या पाच ओळी दोन्ही अर्थांनी दाखवून वापरणाऱ्यालाच विचारावे. हा एक प्रश्न विचारण्याचा कंटाळा करू नये, कारण दुसऱ्याच्या पैशाच्या नोंदीबद्दल अंदाज बांधण्याचा अधिकार आपल्याला नाही.

निर्यात करताना फाइल यूटीएफ-८ मध्ये असावी आणि तिच्या सुरुवातीला बीओएम ही खूण असावी, नाहीतर एक्सेल स्वराघात असलेली अक्षरे तोडून-मोडून दाखवते. मराठी फाइल उघडल्यावर अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांची रांग दिसण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. दुखणे तेच, औषधही तेच.

पायरी ४: वाक्ये बाहेर काढा

आता शब्दांकडे. ॲपच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य कोडमधून काढून जेसन फाइलीत (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या मजकूर-फाइलीत) ठेवायचे आणि कोडमध्ये त्याच्या जागी ओळखनाव ठेवायचे, हे काम यांत्रिक आहे. अनेक ॲपमध्ये ते आधीच झालेले असते. तरीही चार जागा हमखास सुटतात: सर्व्हरकडून येणारे त्रुटीसंदेश, आलेखाच्या अक्षांवरची नावे, तारीख निवडण्याचे तयार साधन आणि ईमेल.

ओळखनाव इंग्रजी शब्दावरून देऊ नये, तो शब्द कुठे येतो त्यावरून द्यावे. इंग्रजीत ‘क्लोज’ हा एकच शब्द खिडकी बंद करण्याच्या बटणावर, व्यवहार मिटवण्याच्या बटणावर आणि दिवसाच्या शेवटच्या भावाच्या रकान्यावर चालतो. स्पॅनिशमध्ये बटणावर ‘सेर्रार’ येते आणि बंद भावासाठी ‘सिएर्रे’. तिन्ही जागांना एकच ओळखनाव दिले असेल, तर भाषांतर करणाऱ्याने कितीही विचार केला तरी एक जागा चुकणारच. ‘व्यवहार-तक्ता-बंदभाव’ अशा धाटणीची लांब ओळखनावे टंकायला कंटाळवाणी आहेत, पण ती उपयोगी पडतात.

वाक्याचे तुकडे जोडून वाक्य बनवू नये. ‘तुमचे’ अधिक संख्या अधिक ‘व्यवहार फायद्यात’ असे तीन तुकडे कोडमध्ये जोडले, तर स्पॅनिशचा शब्दक्रम बसवता येत नाही. पूर्ण वाक्य एकाच ओळखनावाखाली ठेवून संख्येसाठी त्यात रिकामी जागा ठेवावी.

त्याचबरोबर डेटाबेसमध्ये नजर टाकावी. व्यवहार तेजीचा की मंदीचा हे तिथे पडद्यावरच्या इंग्रजी शब्दातच साठवलेले असेल, तर आधी तिथे सांकेतिक मूल्य ठेवावे, नाहीतर स्पॅनिशमध्ये नोंदवलेले व्यवहार इंग्रजी गाळणीत (फिल्टरमध्ये) दिसणारच नाहीत. भीती, लोभ, घाई असे तयार दिलेले मनोभाव हेही संकेतानेच साठवावेत. वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या टिपणाला मात्र हात लावू नये. ते त्याचे आहे आणि ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत राहावे.

पायरी ५: भाषांतराआधी शब्दसूची

चाळीस-पन्नास शब्दांची सूची आधी करावी आणि ती प्रकल्पात सर्वांना दिसेल अशी ठेवावी. व्यवहाराला ‘ओपेरासिओन’, दलालाला ‘ब्रोकेर’, दलालीला ‘कोमिसिओन’, खात्यातील शिलकेला ‘साल्दो’, तेजीच्या बाजूला ‘लार्गो’, मंदीच्या बाजूला ‘कोर्तो’ असे शब्द तिकडे रुळलेले आहेत. नफ्यासाठी स्पेनमध्ये ‘बेनेफिसिओ’ जास्त चालतो, लॅटिन अमेरिकेत ‘गानान्सिआ’, आणि मेक्सिकोच्या हिशेबी भाषेत ‘उतिलिदाद’. सामाईक फाइलीसाठी ‘गानान्सिआ’ घ्यावा, कारण तो स्पेनमध्येही सहज कळतो. उलट ‘कोहेर’ हे क्रियापद टाळावे. स्पेनमध्ये त्याचा अर्थ साधा ‘घेणे’ असा आहे, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते असभ्य आहे. तिथे ‘तोमार’ वापरावा.

इंग्रजीशी साम्य असलेले शब्द फसवतात. व्यवहारातून बाहेर पडण्याच्या, म्हणजे एक्झिटच्या भावाला ‘सालिदा’ म्हणतात. दिसायला त्या इंग्रजी शब्दाच्या जवळचा वाटणारा ‘एक्सितो’ म्हणजे यश. तोट्यात निघालेल्या व्यवहारापुढे ‘यशाचा भाव’ असे छापले गेले तर वाचणाऱ्याला काय वाटेल, याचा विचार करावा.

सर्वात अवघड गाठ मला ‘आक्सिओनेस’ या शब्दाने घातली. स्पॅनिशमध्ये शेअर म्हणजे ‘आक्सिओन’, आणि कृती म्हणजेही ‘आक्सिओन’. जर्नलच्या मुख्य तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात, एक शेअरच्या संख्येचा आणि दुसरा संपादन किंवा काढून टाकण्याच्या बटणांचा, ज्याला इंग्रजीत ॲक्शन्स म्हणतात. सरळ भाषांतर केले की दोन्ही रकान्यांवर एकच शब्द येतो. मग बटणांच्या रकान्याला ‘ओप्सिओनेस’, म्हणजे पर्याय, असे म्हणावेसे वाटते. पण ऑप्शन्स या डेरिव्हेटिव्ह प्रकाराचेही स्पॅनिश नाव तेच आहे. मी शेवटी संख्येच्या रकान्याला ‘कान्तिदाद’, म्हणजे नग, असे नाव दिले आणि बटणांच्या रकान्याचे शीर्षक काढून प्रत्येक बटणावरच त्याचे काम लिहिले. मराठीत ‘शेअर’ हा शब्द कंपनीच्या भागासाठी आणि मित्राला पाठवण्यासाठीही आपण वापरतो, तेव्हा मराठी आवृत्ती तयार करणाऱ्यालाही याच गाठीशी बसावे लागेल.

शब्द पडताळण्यासाठी स्पेनच्या रोखेबाजार नियामकाच्या, म्हणजे कोमिसिओन नासिओनाल देल मेर्कादो दे वालोरेस या संस्थेच्या गुंतवणूकदारांसाठीच्या साहित्याचा चांगला उपयोग होतो. आपली सेबी आणि ही संस्था या दोन्हींची स्थापना १९८८ सालची. अजिंठा-वेरूळच्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांबरोबर फिरणारा, स्पॅनिश जाणणारा एखादा गाईड संभाजीनगरात ओळखीचा असेल, तर वाक्ये वाचून दाखवण्यासाठी त्याची मदत जरूर घ्यावी, परंतु बाजाराचे शब्द त्याच्यावर सोपवू नयेत. आडतीतली ‘पट्टी’, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, आणि जखमेवरची पट्टी यांतला फरक मोंढ्यात गेलेल्यालाच माहीत असतो.

पायरी ६: प्रत्यक्ष भाषांतर

यंत्राने केलेले पहिले भाषांतर कच्चा खर्डा म्हणून घ्यायला हरकत नाही, मात्र त्यातली प्रत्येक ओळ शब्दसूचीशी ताडून पाहावी आणि स्पॅनिश मातृभाषा असलेल्या, स्वतः व्यवहार करणाऱ्या किमान एका माणसाने ती वाचल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

मराठी माणसाला इथे एक नैसर्गिक फायदा आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि आदरार्थी ‘उस्तेद’ असे दोन प्रकार आहेत, आणि पहिल्याचा उच्चार आणि अर्थ आपल्या ‘तू’सारखाच आहे, अर्जेंटिनात त्या ‘तू’च्या जागी ‘बोस’ येतो. पैशाच्या ॲपमध्ये काय वापरावे हा वादाचा मुद्दा आहे. मी ‘उस्तेद’ पसंत करतो, पण निवड कोणतीही असो, ती सगळ्या फाइलीत एकच असावी. बटणांवर क्रियापदाचे मूळ रूप लिहावे, जसे जतन करण्यासाठी ‘ग्वार्दार’, म्हणजे तिथे हा प्रश्नच उरत नाही.

लिंगाचीही आपल्याला सवय आहे. ‘ओपेरासिओन’ स्त्रीलिंगी असल्यामुळे चालू व्यवहार ‘आबिएर्ता’ आणि मिटलेला ‘सेर्रादा’ असतो. पुल्लिंगी रूप टाकले तर ‘माझा वही’ म्हटल्यासारखे खटकते. ‘ओर्देन’ हा शब्द तर लिंगाप्रमाणे अर्थच बदलतो: स्त्रीलिंगी ‘ला ओर्देन’ म्हणजे खरेदी-विक्रीचा आदेश, पुल्लिंगी ‘एल ओर्देन’ म्हणजे मांडणीचा क्रम. जर्नलमध्ये दोन्ही लागतात.

स्वराघाताच्या खुणा शोभेच्या नाहीत. होकाराचा ‘सी’ आणि ‘जर’ या अर्थाचा ‘सी’ यांत फरक आहे तो अक्षरावरच्या एका तिरक्या रेघेचा, आणि ‘नक्की काढून टाकायचे?’ या प्रश्नाखालच्या बटणावर ‘जर’ असे लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. ‘आन्यो’, म्हणजे वर्ष, या शब्दातल्या एन अक्षरावरची लाट गेली तर उरणारा शब्द भरल्या घरात उच्चारण्याजोगा नाही, आणि वार्षिक अहवालाचे शीर्षकच त्या शब्दाने बनते. प्रश्नवाक्याच्या सुरुवातीला उलटे प्रश्नचिन्हही लागते. निवडलेल्या फॉन्टमध्ये ही सर्व चिन्हे आहेत की नाही, हे एकदा मोठ्या अक्षरात तपासावे. लाटेचे अक्षर वर्णक्रमात एननंतर येणारे स्वतंत्र अक्षर आहे, म्हणून व्यवहारांना लावलेल्या चिठ्ठ्यांची (टॅगची) यादी लावताना साधी तुलना न वापरता स्थानिक भाषेनुसार तुलना करणारे साधन वापरावे.

एकवचन-अनेकवचनासाठी आय-एटीन-नेक्स्टमध्ये स्पॅनिशला तीन रूपे द्यावी लागतात: एक, इतर आणि ‘अनेक’. तिसरे रूप पूर्ण दशलक्षांसाठी आहे, कारण तिथे संख्येनंतर ‘दे’ हे अव्यय येते. व्यवहारांची संख्या क्वचितच तिथवर पोहोचते, तरी ते रूप रिकामे ठेवू नये.

पायरी ७: पडदा, तारीख आणि वेळ

स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा साधारणपणे पाव हिश्शाने लांब होतो, पण लहान शब्दांत ही वाढ कितीतरी जास्त असते. ‘विन रेट’ हे आठ जागांचे शीर्षक ‘पोर्सेन्ताहे दे आसिएर्तोस’ झाले की बावीस जागा घेते. रकान्यांची रुंदी ठरावीक ठेवली असेल तर ती मोकळी करावी. भाषांतर येण्याआधीच प्रत्येक इंग्रजी वाक्याला मुद्दाम अक्षरे जोडून लांबवले, तर कुठे मजकूर कापला जातो ते पहिल्याच दिवशी दिसते.

महिन्यांची आणि वारांची नावे स्पॅनिशमध्ये लहान अक्षराने सुरू होतात. इंग्रजीच्या सवयीने ती मोठी करू नयेत. स्पेनमध्ये आठवडा सोमवारी सुरू होतो, मेक्सिकोच्या दिनदर्शिकेत रविवारी, आणि नफा-तोट्याची महिन्याची चौकट याच क्रमावर उभी असते.

वेळेबाबत आपली एक अडचण आहे. भारतात घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे होत नाही, म्हणून आपण ती शक्यता विसरतो. न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या साडेनऊला उघडतो, तेव्हा माद्रिदमध्ये सहसा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. पण मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर, दोन्हीकडची घड्याळे वेगवेगळ्या आठवड्यांत बदलत असल्यामुळे, काही दिवस तिथे अडीचच वाजलेले असतात. ‘बाजार उघडल्यानंतरचा पहिला तास’ असा अहवाल तुमच्या ॲपमध्ये असेल, तर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवून बाजाराच्या शहरानुसार मोजावी. तासांचा ठरावीक फरक वजा करू नये.

पायरी ८: चाचणी आणि पाठवणी

शून्य, उणे साडेबारा, ९९९, १२३४, १२,३४५ आणि एक दशलक्ष या संख्या स्पेन, मेक्सिको आणि अर्जेंटिना या तिन्ही खुणांनी दाखवून, मग तोच मजकूर पुन्हा वाचून, मूळ आकडा परत मिळतो का, अशी चाचणी लिहावी. दाखवणे आणि वाचणे या दोन्ही दिशा एकत्र तपासणारी ही एक चाचणी इतर वीस चाचण्यांपेक्षा मोलाची आहे.

भाषा निवडण्याच्या यादीत स्पॅनिशचे नाव स्पॅनिशमध्येच, ‘एस्पान्योल’ असे लिहावे आणि शेजारी कोणत्याही देशाचा झेंडा लावू नये. पानाच्या मुळाशी असलेली भाषेची खूणही बदलावी, नाहीतर पडदा वाचून दाखवणारे साधन स्पॅनिश मजकूर इंग्रजी उच्चाराने वाचते आणि दृष्टिहीन वापरणाऱ्याला काहीच कळत नाही.

सगळे बदल एकाच गठ्ठ्यात पाठवू नयेत. आधी आकड्यांचे काम, मग फाइलींच्या आयातीचे, मग वाक्ये बाहेर काढण्याचे, आणि शेवटी स्पॅनिश फाइल, असे चार वेगळे प्रस्ताव (पुल रिक्वेस्ट) पाठवले तर तपासणाऱ्याला प्रत्येक नीट वाचता येतो. शेवटच्या प्रस्तावात इंग्रजी आणि स्पॅनिश फाइलींतली ओळखनावे जुळवून पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट जोडावी, जी एखादे वाक्य सुटले तर ॲपची बांधणी (बिल्ड) थांबवेल. कारण पुढच्या महिन्यात कोणीतरी नवे बटण जोडणार आहे, आणि त्याला स्पॅनिशची आठवण करून द्यायला त्या वेळी तुम्ही तिथे असालच असे नाही.